लाल कोट झाकू नका

आमच्या तालुक्यातील एका वस्तीने कोरेगावच्या शिपायाचा अर्धपुतळा करून घेतला आहे. फायबरचा, अडीच फूट उंचीचा. पैसा वर्गणीतून उभा राहिला. त्यात धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींचे पन्नास-पन्नास रुपयेही आहेत. साचा चांगला उतरला आहे. फक्त रंग द्यायचा राहिला होता, आणि त्या रंगावरूनच विहाराच्या ओट्यावर दोन नव्हे, तीन तट पडले.

एकाचे म्हणणे, खाकी वर्दी द्या, छातीवर चार पदके लावा, रुबाब येईल. दुसऱ्याचे म्हणणे, कोट निळा करा, निळा आपला रंग आहे. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने उभे राहून सांगितले की, १८१८ साली कंपनीच्या शिपायाचा कोट लाल होता, तेव्हा लालच द्यावा. त्यावर समितीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळले. "लाल कोट म्हणजे इंग्रजाचा कोट. आपल्याला देशद्रोही म्हणणारे टपूनच बसलेत. त्यांच्या हाती आपणच कोलीत द्यायचे काय?" वाद मिटेना, तेव्हा आम्हाला बोलावणे आले. काळा कोटवाला लाल कोटाचा निकाल देईल, असा विनोदही कोणीतरी केला. निकाल देण्याचा अधिकार आम्हाला नाही. मत दिले. ते येथे मांडतो, कारण हा प्रश्न त्या एका वस्तीपुरता नाही.

आधी खाकीचे पाहू. हिंदुस्थानच्या लष्करात खाकी आली ती १८४६ साली पेशावरकडे हॅरी लम्सडेनने उभारलेल्या गाइड्स दलातून, आणि बाकीच्या फौजेत ती रुळायला आणखी काही दशके गेली. म्हणजे कोरेगावच्या लढाईनंतर जवळजवळ तीस वर्षांनी जन्मलेला रंग आपण त्या शिपायाच्या अंगावर चढवणार. पदकांचे त्याहून अवघड आहे. कोरेगावचे नाव कोरलेली पट्टी असलेले 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर झाले ते १८५१ साली, लढाईनंतर ३३ वर्षांनी, आणि तेही त्या वेळी हयात असलेल्यांनाच. जो १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या गल्लीत पडला त्याच्या छातीवर पदक लागलेच नाही. त्याला मिळाले ते स्तंभावरचे नाव. त्या ४९ मृतांच्या यादीत २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. सरकारने जिवंतांना पदक द्यायला तेहतीस वर्षे लावली, ही गोष्ट रिकाम्या छातीनेच सांगता येते. चार पदके लावली की ती गोष्टच पुसली जाते.

मग एका तरुणाने विचारले, टोपीवर निदान महार रेजिमेंटचे चिन्ह तरी काढू? भावना आम्हाला कळते. त्याचे मामा त्या रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आहेत. पण महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिच्या चिन्हात पूर्वी कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो जाऊन तेथे खंजीर आला. स्तंभ १८१८ च्या शिपायावरून आला आणि स्तंभावरून ते चिन्ह आले. नातवाचा बिल्ला आजोबाच्या टोपीला लावल्यासारखे होईल ते. कोरेगावात लढलेली पलटण होती बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. चौथऱ्यावर हेच लिहावे, एवढे आम्ही सुचवले.

शिरोभूषेबद्दलही सांगितले. पुणेरी पगडी नको, तुरा काढलेला कोल्हापुरी फेटा तर नकोच नको. तो लग्नातल्या नवरदेवाला शोभतो. कंपनीच्या शिपायाचे डोके सरकारी हुकमाने झाकलेले असे. ही बाब किरकोळ वाटत असेल तर वेल्लोर आठवावे. मद्रास फौजेत नवी टोपी, दाढी-मिशांवर आणि कपाळावरच्या गंधावर निर्बंध असा हुकूम आला आणि जुलै १८०६ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केले. टोपीसाठी माणसे मेली आहेत. आपण ती रंगाऱ्याच्या लहरीवर कशी सोडायची?

आता लाल. रंगाऱ्याने लालचा डबा आणूनच ठेवला होता, अग्निशमन दलाच्या गाडीला मारतात तसला चकचकीत ऑइलपेंट. तो आम्ही परत पाठवला. साध्या शिपायाच्या कोटाचे कापड मंजिष्ठाच्या जातीच्या मुळापासून काढलेल्या रंगात बुडवलेले असे. भडक किरमिजी लाल महाग पडे आणि तो गोऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर जाई. मुळाचा लाल विटकरीकडे झुकतो, आणि दख्खनच्या उन्हात दोन उन्हाळे काढल्यावर खांद्यावर तो उडालेला, बगलेत मात्र दाट राहिलेला दिसतो. तेव्हा आधी गेरूसारखा मळकट थर, मग घड्यांत काळपट छटा, शेवटी उंचवट्यावर फिकट लाल, अशा क्रमाने रंग द्यावा. चमक अजिबात नको. कापडाला चमक नसते. चमकायचे ते धातूने. छातीवर फुलीसारखे दोन पांढरे पट्टे, एक काडतुसांच्या पेटीचा आणि दुसरा संगिनीचा. ते जेथे एकमेकांवरून जातात तेथे धातूची पाटी. पट्ट्यांना पांढरी माती फासत, म्हणून तो पांढरा दुधासारखा नव्हे, चुना वाळल्यासारखा, कडांना चामडे उघडे पडलेला हवा. अधिकाऱ्याच्या खांद्यावरची सोनेरी झालर शिपायाला नसे. रंगाऱ्याने ती हौसेने काढून ठेवली होती. ती खरवडावी लागली आणि त्याचा अर्धा दिवस गेला. त्याची मजुरी समितीने दिली, हे नमूद करतो, कारण आपल्याकडे कारागिराचा अर्धा दिवस फुकट धरण्याची वाईट खोड आहे.

चेहऱ्यावर काय असावे? ही पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाली, रात्रभर चालली आणि सकाळी कोरेगावला पोहोचून दिवसभर लढली. नदी समोर आणि प्यायला पाणी नाही, अशी अवस्था होती. चकमकीच्या बंदुकीचे कागदी काडतूस दातांनी फोडावे लागे. दर बाराला थोडी दारू ओठांवर सांडे, आणि बंदूक गालाशी धरल्याने कानवटीचा धूर उजव्या गालावर बसे. दुपारपर्यंत शिपायाचे तोंड काळे होई. म्हणून ओठांच्या कोपऱ्यात आणि उजव्या गालावर काजळी द्या, पापण्यांवर धूळ द्या, असे आम्ही सांगितले. समितीतल्या एकाला ते आवडले नाही. पुतळा स्वच्छ दिसावा असे त्याला वाटते. समाजाला शतकानुशतके घाणेरडे म्हणून हिणवले गेले, त्यातून ही इच्छा येते, हे आम्ही समजतो. पण ही घाण नाही. हा लढाईचा दिवस आहे.

निळ्या कोटाबद्दल थोडक्यात. निळा आपल्या झेंड्याचा रंग आहे आणि त्याच्याबद्दल आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. पण झेंड्याचा रंग झेंड्यावर राहू द्या. चौथऱ्याला निळा द्या, मागच्या भिंतीला द्या. शिपायाच्या अंगावरचा कोट ही साक्ष आहे, आणि साक्ष आपल्या सोयीची करून घेतली की समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तेथेच विचारतो. एका बाबतीत खोटा तो सर्व बाबतींत खोटा, हे तत्त्व आपल्या देशातील न्यायालये आंधळेपणाने लागू करत नाहीत. ती खरे-खोटे पाखडून घेतात. गावची चावडी आणि टीव्हीवरची चर्चा पाखडत बसत नाही. खाकी कोट दाखवून ते म्हणतील, यांचा सगळाच इतिहास असा रंगवलेला. तोच न्याय आकड्यांनाही लावावा. पाचशे पायदळात महार मोठ्या संख्येने होते, पण पाचशेच्या पाचशे महार नव्हते. मराठा, राजपूत, मुसलमान होते, बेने इस्रायली होते, मद्रासचे गोरे तोफखानेवाले होते, बरोबर घोडदळ होते. हे सांगितल्याने त्या २२ नावांचे वजन एका गुंजेनेही कमी होत नाही.

राहता राहिला ज्येष्ठांचा आक्षेप, आणि खरा प्रश्न तोच आहे. लाल कोट इंग्रजांचा, म्हणून लपवायचा का?

लपवायचा असेल तर आरोप करणाऱ्याचे म्हणणे आपण आधीच मान्य केले, असे होते. त्यापेक्षा त्यालाच विचारावे, पुण्यात लाल कोट आणला कोणी? ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला तह करून कंपनीची फौज आपल्या रक्षणासाठी मागून घेतली ती दुसऱ्या बाजीरावाने. १८०३ साली त्याच फौजेच्या संगिनींच्या आधाराने तो पुन्हा गादीवर बसला. (त्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्याच रात्री कोरेगावची पलटण शिरूरहून निघाली. योगायोग आहे, पण वाचकांनी ध्यानात ठेवावा असा.) १८१८ च्या जूनमध्ये शरण आल्यावर वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन तो बिठूरला राहिला आणि १८५१ साली वारला, ज्या साली कोरेगावच्या हयात शिपायांना पदक मंजूर झाले त्याच साली. कंपनीचे आठ लाख खाणारा स्वामी आणि कंपनीचा महिन्याचा पगार खाणारा शिपाई देशद्रोही, हा कुठला न्याय? कोरेगावात पेशव्यांच्या बाजूने जिवावर उदार होऊन लढले त्यांत अरब शिपाई होते. त्या काळी फौजा अशाच उभ्या राहत.

आणि महाराने तो कोट का घातला, हेही पुतळ्यापाशी उभे राहून सांगितले पाहिजे. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिले आहे. त्या गळ्याखाली कंपनीने दोन पट्टे चढवले. कंपनी काही आपल्या प्रेमात नव्हती. तिला काटक माणसे हवी होती. पण त्या कोटाबरोबर पगार आला, हुद्दा आला, पलटणीतली शाळा आली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला, यामागे हाच कोट आहे. नंतर इंग्रजांना 'लढाऊ जातीं'चे शहाणपण सुचले आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत दाद मागितली. १९१७ साली १११ महार ही पलटण काढली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. ज्या कोटासाठी आपल्या माणसांनी तीस-तीस वर्षे अर्ज केले, ज्यांनी तो अंगावरून उतरवून घेतला त्या इंग्रजांशीच भांडले, तो कोट आज आपणच निळ्या रंगाखाली दडवायचा? १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते कोट विसरा असे सांगायला नव्हे.

ज्येष्ठ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या आज्याच्या पेटीत एक पितळी बटण होते. आईने भांडीवाल्याला दिले." एवढेच बोलले. दुसऱ्या दिवशी लाल रंगाचे पैसे त्यांनीच दिले.

एक शेवटची अडचण कातडीची आली. मुलांच्या रंगपेटीत 'स्किन कलर' नावाची एक गुलाबी कांडी असते. या देशात ती कोणाच्या कातडीची आहे हे देव मानणाऱ्यांनी देवाला विचारावे. रंगाऱ्याने तोच रंग मोठ्या डब्यात कालवला होता. आपल्या महापुरुषांचे पुतळे असेच एकेक छटा गोरे होत गेले आहेत. आम्ही त्या शिपायांपैकी कोणाचाही चेहरा पाहिलेला नाही, कारण त्यांची चित्रे काढावीत असे कोणाला वाटले नाही. तेव्हा रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या त्या मामांना खुर्चीवर बसवले. गेरू, पिवळी माती, बर्न्ट अंबर आणि चिमूटभर निळा असे कालवत कालवत रंगाऱ्याने त्यांच्या कपाळाशी, मग मानेशी, मग मनगटाशी फळी लावून पाहिली. चौथ्या खेपेला रंग जुळला. मामा म्हणाले, मान जरा आणखी काळी करा, उन्हात तीच भाजते. तशी ती केली आहे. गालावरची काजळी या आठवड्यात होईल.