विश्लेषण : डीआरओचा प्लग बसला म्हणजे जोडणी झाली का?

जुन्या मिलिंग मशीनवर डिजिटल रीडआउट, म्हणजेच डीआरओ बसवला की अचूक काम सोपे होते. लीनिअर स्केल टेबलाची हालचाल थेट मोजते. त्यामुळे झिजलेल्या स्क्रूचा बॅकलॅश मापात शिरत नाही.

घोळ कुठे होतो?

अनेक स्केलना ९ पिनांचा प्लग असतो. तो दुसऱ्या कंपनीच्या डिस्प्लेतही बसतो. पण पिनांचा क्रम तोच असेल असे नाही. ५ व्होल्टचा पुरवठा भलत्याच पिनवर गेला, तर स्केलचे सर्किट जळू शकते. वायरच्या रंगावरही विसंबता येत नाही.

काळजी काय घ्यावी?

दोन्हींचे पिन-तक्ते जुळवावेत, पुरवठा मल्टिमीटरने तपासावा. ‘ए’ आणि ‘बी’ सिग्नलची अदलाबदल झाली, तर मापाची दिशा उलटते. ती सेटिंगमध्ये बदलता येते. केबल मोटरच्या वायरिंगपासून दूर न्यावी आणि अर्थिंग नीट करावे; नाहीतर टेबल स्थिर असतानाही आकडे उड्या मारतात.

जबाबदारी कोणाची?

आधी विक्रेत्याची. पिनांचा तक्ता खोक्यात घालायला कितीसा खर्च येतो? ०.००५ मिलिमीटरपर्यंत मोजणारी स्केल कारागिराला अंदाजाने जोडावी लागू नये. तक्ता मिळत नसेल, तर वर्कशॉपवाल्यांनी ती घेऊच नये.