दडविलेली तक्रार



आपल्या खेड्यांतूनही आता घरबसल्या दूरच्या दुकानातून माल मागविला जातो. वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही. म्हणून आधीच्या गिऱ्हाइकांनी काय लिहिले आहे, किती तारे दिले आहेत, हे वाचून आपण मन ठरवितो. ही एका परीने शेजाऱ्याची साक्षच होय. परंतु ती आपल्यापर्यंत येते दुकानदाराच्याच हातून, आणि कोणती पुढे ठेवावयाची हे तोच ठरवितो.

अमेरिकेत फॅशन नोव्हा नावाची कपडे विकणारी कंपनी आहे. तेथील सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर असा आरोप ठेवला की, २०१५ च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०१९ पर्यंत चार व पाच ताऱ्यांचे अभिप्राय आपोआप प्रसिद्ध होत आणि त्याहून कमी ताऱ्यांचे मंजुरीसाठी अडकून राहत. अशा लाखो अभिप्रायांना ती मंजुरी कधी मिळालीच नाही. कंपनीने आरोप नाकारला, तरी जानेवारी २०२२ मध्ये ४२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविले.

यात नवल असे की, स्तुती करणारी गिऱ्हाइके खरी असतील, त्यांचा शब्दन्‌शब्द खरा असेल, तरीही वाचणाऱ्याच्या मनात उभे राहते ते चित्र खोटेच. आठवी आज्ञा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खोटे बोलणारा मनुष्य येतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकविताना मात्र आम्हांस सांगत की, ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याला फसविण्यासाठी मौन धरणे, हाही त्याच आज्ञेचा भंग होय.

दुकानदाराचीही एक बाजू आहे. रागाच्या भरात लोक काय काय लिहितात! कमिशनच्या आदेशाने ती बाजू जाणली. विक्रीस असलेल्या मालावरचे सर्व अभिप्राय प्रसिद्ध करावेत. मात्र अश्लील, वंशद्वेषी वा बेकायदेशीर मजकूर, तसेच माल, पोहोच वा परतफेड यांच्याशी संबंध नसलेला मजकूर वगळता येईल, असे त्यात म्हटले आहे. मला ही मर्यादा न्याय्य वाटते. असभ्य म्हणून काढणे निराळे, अडचणीचे म्हणून काढणे निराळे.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांचे संकलन, तपासणी व प्रसिद्धी यांसाठी आय. एस. १९००० हे मानक काढले. पण ते ऐच्छिक म्हणून आले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांना अधिक धार आहे. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची वाखाणणी करण्यास त्यांत मनाई आहे. आणि कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच व महिन्याभरात तिचा निकाल द्यावयाचा आहे.

तेव्हा घरातील ज्या मुलाच्या हाती फोन असेल त्याला सांगावे: वस्तू कोणती, केव्हा मागविली, काय बिघडले, एवढेच लिही. शिवी घातलीस तर तुझी तक्रार काढून टाकण्यास त्यांना रास्त कारण मिळेल. लिहिलेल्याचे चित्र फोनमध्ये जपून ठेव. आणि कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.