अंगावरून पांढरे जाते, असे सांगणाऱ्या गरोदर बाईला तपासा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

विषय : गरोदरपणातील जननमार्गाच्या संसर्गाची तपासणी

महोदय,

जिल्हा पातळीवर दिलेल्या निवेदनांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र आता उघडपणे आपल्याकडे. मागणी एकच आहे. अंगावरून पांढरे जाते, वास येतो, खाज सुटते असे सांगणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईची पडद्याआड तपासणी व्हावी, स्रावाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जावा आणि जो आजार निघेल त्याचेच औषध तिला मिळावे.

आज तिचे वजन होते, रक्तदाब होतो, हिमोग्लोबिन होते. लोहाच्या गोळ्या हातात पडतात. पांढरे जाण्याचा विषय मात्र तिने धीर करून काढला तरच निघतो, आणि काढला तरी बहुतेक वेळा ‘गरोदरपणात असे जातेच’ या वाक्यावर संपतो. निवेदनांमधल्या एका बाईचे पहिले बाळ सातव्या महिन्यात आले आणि गेले. दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यापासून ती हीच तक्रार सांगत होती. कोणी तपासले नाही. आठव्या महिन्याच्या तोंडावर तिची पाणमोट फुटली. संसर्गामुळेच फुटली, असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण वेळेवर कोणी पाहिलेच नाही. राग आहे तो याचाच.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, उलट तो जगासमोर महाराष्ट्रानेच ठेवला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली आणि जानेवारी 1989 मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका बाईला सरासरी 3.6 आजार होते आणि त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. यापूर्वी कधी तरी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. जगभरात या अभ्यासाचा दाखला दिला जातो. ज्या राज्यात तो झाला, तिथल्या गरोदर बाईला आजही पडदा असलेली खोली मिळेल याची खात्री नाही.

योनीमध्ये लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू आम्लता राखून असतात. ते कमी झाले की गार्डनेरेला आणि तत्सम जिवाणू माजतात. यालाच बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. असे जिवाणू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढले तर गर्भाभोवतीच्या आवरणांना सूज येते, शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, आवरण कमकुवत होते आणि कळा वेळेआधी सुरू होतात. बाळ जितके लवकर जन्मते, तितकी त्यामागे असा संसर्ग असण्याची शक्यता अधिक. अमेरिकेतल्या 10,397 गरोदर बायकांच्या 1995 सालच्या अभ्यासात 16 टक्क्यांना व्हजायनोसिस आढळला, आणि त्यांच्यात अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे बाळ होण्याचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी जास्त निघाला. 2020 मध्ये जगात 37 आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेली बाळे सुमारे 1 कोटी 34 लाख होती. त्यातली सुमारे 30 लाख एकट्या भारतातली. दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नव्हती.

आपले तज्ज्ञ या मागणीविरुद्ध फ्रान्सचा दाखला देतील, आणि तो खरा आहे. तिथे 84 हजारांहून अधिक गरोदर बायकांची व्हजायनोसिससाठी चाचणी झाली. कमी जोखमीच्या ज्या बायकांना हा विकार निघाला, त्यांना क्लिंडामायसिन देऊनही अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. हा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याउलट व्हिएन्नात 4,429 बायकांवर झालेल्या, 2004 च्या अभ्यासात 15 ते 19 आठवड्यांत तपासून उपचार केल्यावर अकाली प्रसूतींचे प्रमाण 5.3 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले. तिथे बुरशी आणि ट्रायकोमोनास हा परजीवीही शोधला जात होता. तेव्हा सरसकट सगळ्यांना अँटिबायोटिक द्या, अशी ही मागणी नाही. पण जिला त्रास होतो आहे तिच्यावर उपचार व्हावेत, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. आणि तिलाच इथे परत पाठवले जाते.

न तपासता औषधांचे पाकीट देणे हा पर्याय नव्हे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या रंगीत पाकिटांच्या पद्धतीत योनिस्रावासाठीच्या हिरव्या पाकिटात सेक्निडाझोलबरोबर फ्लुकोनाझोल असते, आणि फ्लुकोनाझोलची गोळी गरोदर बाईला चालत नाही. तिला बुरशीसाठी क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी लागते, व्हजायनोसिससाठी मेट्रोनिडाझोल. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही औषध द्यावे लागते, नाहीतर तोच आजार पुन्हा येतो. तक्रार बाईची म्हणून नवऱ्याला कोणी बोलावतच नाही.

खर्चाची सबब इथे चालणार नाही. लागते काय? आम्लता पाहायची कागदी पट्टी, मिठाचे पाणी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दहा टक्के द्रावण, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. मलेरियाच्या आणि क्षयाच्या काचपट्ट्या पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ याच आरोग्यव्यवस्थेत आहेत. सिफिलिस या लैंगिक आजाराची तपासणीही अशीच स्वस्त. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी होते आणि लवकरच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. उपचार झाले नाहीत तर अशा निम्म्याहून अधिक गर्भारपणांत मृत जन्म, अकाली जन्म किंवा बाळाला लागण असा घात होतो.

बाळ लवकर यायला निघाले की मात्र यंत्रणा जागी होते. बाळाची फुफ्फुसे पक्व होण्यासाठी डेक्सामेथासोन आहे, त्याचा पहिला डोस देण्याची मुभा 2014 पासून नर्सलाही आहे, पुढे नवजात अतिदक्षता कक्ष आहे. हे सगळे हवेच. पण त्याच बाईने काही महिने आधी केलेली तक्रार कागदावर तरी का उतरत नाही, याचे उत्तर आरोग्य विभागाने द्यायला हवे.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बाया डॉक्टरांसमोर येतात. सुरुवात तिथून करता येईल. आधी अकाली प्रसूती झालेल्या बाईला डॉक्टरांनी स्वतःहून विचारावे, तक्रार असलेल्या प्रत्येकीची काचपट्टी त्याच दिवशी पाहावी आणि किती जणींनी तक्रार केली, किती तपासल्या गेल्या, हे आकडे जिल्हावार दर महिन्याला जाहीर करावेत. हा आदेश कधी निघणार, ते आपण लेखी कळवावे.

आपल्या राज्यातल्या निवेदनकर्त्या महिला