मुलीच्या संगणकासाठी कर्ज काढण्याआधी

बारावीचे निकाल लागले आणि बीसीए-बीसीएसचे प्रवेश सुरू झाले, की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पोरीला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, कॉम्प्युटर कोणता घेऊ? किंमत त्यांनी दुकानातून आधीच विचारून आणलेली असते. खरी काळजी असते पैसा कोठून उभा करायचा याची. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा या एकाच विषयाला देत आहोत.

वाळूजकडील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार, आई बचत गटात, मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला. घरात एका कार्यालयाने विकायला काढलेला जुना संगणक होता, 2015 च्या सुमाराचा, चार जीबी रॅमचा. दुकानदार म्हणाला, यावर आता विंडोज चालायचे नाही, भंगारात द्या. मुलीची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, गटातून चाळीस हजार उचलते. पण पोरीचं नुकसान नको व्हायला." आम्ही त्यांना पंधरा दिवस थांबायला सांगितले.

दुकानदार बोलला ते अर्धे खरे होते. संगणक सुरू केल्यावर जी पहिली व्यवस्था उभी राहते आणि बाकीची सगळी कामे जिच्या जोरावर चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही त्यातलीच एक. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 साठी यंत्रात टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय लागते आणि साधारण 2017 नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारी लाखो यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. यंत्र बिघडले नव्हते, कंपनीने हात काढून घेतला होता. पण दुकानदाराने न सांगितलेली गोष्ट अशी, की विंडोज ही काही एकुलती एक सिस्टीम नाही.

1991 साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी सिस्टीमचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तेच लिनक्स. त्याला पैसे पडत नाहीत. कोणीही घ्यावे, वाचावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे, सगळे कायद्याने. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात हाच गाभा आहे. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सच चालते आहे. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 2007 साली बॉस नावाचे लिनक्स काढले, त्यात मराठीही आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले तर कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात. तेव्हा फुकट म्हणजे हलके, हा समज मनातून काढून टाकावा. आमच्या लोकांना फुकटाचा संशय येतो आणि कर्जाचा येत नाही, हे आम्हाला कधी कळले नाही.

आता मुद्द्याचे बोलू. निवड कामावरून करायची. मुलगी सी, जावा, पायथन किंवा वेबसाइट बनवणे शिकणार असेल तर लिनक्स उत्तम. लागणारी साधने फुकट मिळतात आणि वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवल्या जातात त्यांतले बहुतेक लिनक्सवरच असल्यामुळे पुढे नोकरीत ती ओळख कामी येते. अँड्रॉइडची ॲप्लिकेशने बनवायची असतील तरी लिनक्स चालते, मात्र रॅम भरपूर हवी, आठ जीबीच्या खाली त्या वाटेला जाऊ नये. आयफोनसाठी काम करायचे तर ॲपल कंपनीचा मॅकच लागतो, कारण एक्सकोड हे साधन दुसरीकडे चालत नाही. पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीसाठी तो खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि विंडोज? ते टाकाऊ आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्यांना खास विंडोजसाठीच सॉफ्टवेअर बनवायचे आहे, त्यांना ते लागते. हिशेबाचे टॅली विंडोजवरच चालते, हे आम्ही बी.कॉम.वाले चांगले जाणतो. तेव्हा कॉमर्सच्या मुलांनी हा लेख वाचून घरातले विंडोज काढून टाकू नये. काही ऑनलाइन परीक्षांचे सॉफ्टवेअरही लिनक्सवर चालत नाही. मुलीने कॉलेजात आधी विचारून घ्यावे. ज्यांच्याकडे नवे यंत्र आहे त्यांना विंडोज 11 च्या आतच लिनक्स चालवता येते, तशी सोय कंपनीनेच दिली आहे. वाईट आहे ते चोरून टाकलेले विंडोज. शे-दोनशे रुपयांत कोणी 'टाकून देतो' म्हणाला, तर सोबत काय काय टाकून देईल याचा नेम नाही.

वाळूजच्या त्या मुलीने काय केले ते सांगतो. ओळखीच्या एका मुलाकडून तिने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट भरून आणले. पेनड्राइव्हवरूनच ते सुरू करून पाहता येते, आतल्या डिस्कला हात लागत नाही. चार दिवस तसेच वापरून पाहिले. मग जुन्या हार्डडिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली. हा खर्च आईने गटाला हात न लावता भागवला. यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले.

अडचण आली ती वेगळीच. अनेक कॉलेजांत सी भाषा अजून टर्बो सी या जुनाट साधनावर शिकवतात. त्यातली पडदा पुसण्याची आज्ञा लिनक्सच्या जीसीसीला ठाऊक नाही. पहिल्याच प्रोग्रॅमला चूक दाखवली आणि पोरगी रडकुंडीला आली. तिला वाटले आपल्याला काही येत नाही. प्रोग्रॅम बरोबरच होता, तेवढी ओळ काढल्यावर चालला. पालकांनी हे लक्षात ठेवावे. अशा वेळी मूल गप्प बसते, विचारत नाही, आणि महिनाभराने म्हणते की मला दुसरे काहीतरी शिकायचे आहे.

शिकवणारे कोणी नाही ही सबबही आता फारशी उरलेली नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि प्रोग्रॅमिंगचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात आहेत, तेही विनामूल्य. आपल्या शहरात विद्यापीठाच्या आवारात नाइलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या ओ लेव्हल अभ्यासक्रमात लिब्रऑफिस आणि पायथन ही दोन्ही मुक्त साधने आहेत. तेथे फी किती, सवलत कोणाला, हे समक्ष जाऊन विचारावे.

जुन्या यंत्रावर लिनक्स बसवायचे ठरलेच, तर एक काम आदल्या दिवशी उरका. बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. जातीचा दाखला, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज, लग्नातले फोटो असे जे काही त्यात असेल ते वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून बघा, आणि मगच सुरुवात करा.