वेष्टनावरचे ‘ओआरएस’ आणि आतड्यातले पाणी

जुलाब सुरू झाले की औषधाच्या दुकानात ‘ओआरएस द्या’ म्हणायचे आणि फळाच्या चवीचा गोड खोका हाती घेऊन यायचे, हे गेली काही वर्षे सर्रास चालले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास बंदी केली. मागेपुढे काही जोडूनही तो वापरता येणार नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी सुमारे आठ वर्षे पाठपुरावा केला. याच प्राधिकरणाने २०२२ मध्ये ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस नाही’ अशी तळटीप छापण्याच्या अटीवर शब्द वापरायची मुभा दिली होती. रडणारे मूल कडेवर घेऊन ती तळटीप कोण वाचणार?

वाद केवळ शब्दाचा नाही. आपल्या आतड्यांत रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातले दोनेक लिटर आपण खातो-पितो त्यातले. उरलेले लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा स्राव. एवढ्यातून शौचावाटे बाहेर पडते ते जेमतेम १००-२०० मिलिलिटर. बाकी सगळे पाणी आतडे परत शोषून घेते. मात्र पाणी आपणहून आत जात नाही, ते मिठामागे जाते. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेते आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ येते. कॉलऱ्याचे विष आतड्याला भरमसाट पाणी सोडायला लावते, पण हा वाहक शाबूत राहतो. ओआरएसची सारी किमया या एका गोष्टीत आहे.

म्हणूनच प्रमाण महत्त्वाचे. एका लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर याच्या कितीतरी पट झाली, की न शोषलेली साखर उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. शीतपेये आणि डब्यातले रस जुलाबात देऊ नयेत, ते यासाठी.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले २०२३ मध्ये, मरणोत्तर.

खरे पाकीट आजही स्वस्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ते फुकट मिळते. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात टाकणे धोक्याचे. केलेले पाणी २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. मुलांना सोबत झिंकही देतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने, १०-१४ दिवस. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरी थांबू नये.