फड उभा असतो तेव्हा

दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम संपतो. त्यानंतर पाऊस. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, जुन्नर-आंबेगावचेच नव्हे तर लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले येतात आणि राहुटीत बसून सुपारी ठरते. ही लगबग सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेवटची यात्रा झाल्यावर फडाचे ट्रक, बस, जनरेटर, तंबू कुठे आणि कसे राहतात, हे सहसा कोणी विचारत नाही. परदेशातल्या मराठी मंडळांनी नेमकं तेच विचारावं आणि तमाशासाठी आपण जी काही मदत करतो तिचा मोठा वाटा या पावसाळी महिन्यांकडे वळवावा, असं माझं ठाम मत आहे.

ढोलकी फडाचा तमाशा फिरता असतो, आणि त्याचं सगळं अर्थकारण या फिरण्यावर उभं आहे. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. त्यांच्याबरोबर रंगमंच, कनात, लाइट, साउंड, पेट्या, स्वयंपाकाची भांडी असा सगळा संसार चालतो. गण-गवळणीपासून वगापर्यंत रात्र रंगते आणि दुसऱ्या दिवशी तोच संसार पुढच्या गावी उभा करायचा असतो. नाट्यगृहात प्रयोग करणाऱ्याला रंगमंच आयता मिळतो. फडमालकाला तो चाकांवर घालून न्यावा लागतो. शिवाय गावची यात्रा तिथीवर बांधलेली. वाटेत ट्रक बंद पडला तर देव एक दिवस थांबत नाही. सुपारी बुडते, आणि पुढच्या वर्षी ते गाव दुसऱ्या फडाकडे जातं.

मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला, राहतो मिशिगनमध्ये. इथे आपल्यापैकी अनेकांकडे कॅम्पर व्हॅन आहे. ऑक्टोबर सरत आला की ती हिवाळ्यासाठी तयार करावी लागते. गोड्या पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, वॉटर हीटर निथळायचा, मग पाइपांतून गुलाबी अँटीफ्रीझ सोडायचं आणि प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत थांबायचं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. कुठल्या तरी वळणात उरलेलं थोडंसं पाणीही पाइप फोडतं. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, कारण भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही आणि उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठून तडकते. टायरांत हवा पूर्ण भरायची, उंदीर शिरतील अशी भोकं बुजवायची, वर हवा खेळेल असं आच्छादन घालायचं. हे सगळं आपण न चुकता करतो. वर्षातून काही आठवडे सुट्टीसाठी वापरायच्या गाडीसाठी करतो. ज्या गाड्यांवर शंभर माणसांची चूल पेटते, त्यांच्यासाठी एवढी काळजी घ्यायला हवी हे आपल्यापेक्षा कोणाला लवकर पटावं?

जुन्नरचा पावसाळा गाडीला मिशिगनच्या हिवाळ्यापेक्षा जास्त छळतो, असं मी म्हणेन. कोरड्या थंडीत एकदा पाणी काढून टाकलं की बहुतेक नासाडी थांबते. दमट, उबदार हवेत ती रोज चालू राहते. अर्ध्या रिकाम्या डिझेल टाकीत आतून दव धरतं, तळाला पाणी साचतं, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर शेवाळासारखा गाळ वाढतो आणि दसऱ्याला गाडी काढली की फिल्टर तुंबतो. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने उभ्या ठेवलेल्या गाडीचे लाइनर ड्रमला चिकटतात. एकाच जागी भार सोसून टायर चपटे होतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. यावर उपाय महागडे नाहीत. टाकी भरून ठेवायची, हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावायचे, गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून टायरांवरचा भार काढायचा, बॅटरीची तार सोडवून महिन्यातून एकदा चार्जिंग करायचं, ग्रीसिंग करूनच गाडी ठेवायची. लागते ती डोक्यावर छप्पर असलेली मुरमाची जागा, एक जाणता मेकॅनिक आणि वेळेवर हातात आलेले थोडे पैसे. हंगाम संपताना फडमालकाकडे या तिन्ही गोष्टी एकत्र असणं अवघड असतं.

तंबूचं तर याहून नाजूक. जाड कापड ओलसर घडी करून ठेवलं की बुरशी धरतं, धागा कुजतो आणि पुढच्या वाऱ्यात तंबू शिवणीवर उसवतो. ढोलकीचं कातडं दमटपणाने सैलावतं, हार्मोनियमचा भाता आणि लाकूड बिघडतं, पितळी स्वरपट्ट्यांवर गंज चढून सूर सरकतो. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. उन्हाळी कांदा काढला की तो बराखीत जातो. बराखीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना हवा खेळती, वर छप्पर. कांदा पिकवण्याइतकीच तो दिवाळीपर्यंत टिकवण्यात मेहनत आणि कमाई आहे, हे तिथलं पोरगंही सांगेल. तंबूला आणि पेट्यांना तीच रचना लागते: खाली फळ्या, बाजूंनी वारा, वरून आडोसा. कांद्याला जी बराखी मिळते ती कलेला मिळू नये, हे मला खटकतं.

तमाशाला मान द्यायला आपण कमी पडलो नाही. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचा 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. 2002 साली त्या गेल्या, आणि अखेरच्या आजारपणातही त्यांची पैशांची ओढाताण चालू होती. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. हे सगळं योग्यच आहे. पण सन्मान कलाकाराला व्यासपीठावर भेटतो, आणि व्यासपीठ हंगामातच असतं. आपलीही तीच सवय आहे. आपण कलाकारांना संमेलनाला बोलावतो, शाल देतो, लावणीवर शिट्या वाजवतो. फड ज्या महिन्यांत खचतो, त्या महिन्यांत आपण तिथे नसतो.

गाड्या उभ्या राहणं म्हणजे काय, हे 2020 साली दिसलं. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशभरातली टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. चैत्र-वैशाखाच्या यात्रा, म्हणजे फडाच्या वर्षाच्या कमाईचा गाभा, 2020 आणि 2021 अशी दोन्ही वर्षं बुडाल्या. चार-पाच महिन्यांची विश्रांती गृहीत धरलेल्या गाड्या आणि तंबू त्याहून कितीतरी जास्त काळ पडून राहिले. इतका लांब खंड पुन्हा पडू नये हीच इच्छा, पण दरवर्षीचा छोटा खंड तर ठरलेलाच आहे आणि त्याची तयारी करता येते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: कलाकार उपाशी असताना लोखंडाला आणि कापडाला पैसे का द्यायचे? कलाकाराच्या पोटाचा प्रश्न पहिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फडाचा हिशेब पाहा. हंगामापूर्वी फडमालक कलाकारांना उचल देतो आणि त्यासाठी बहुतेकदा कर्ज काढतो. त्याच आठवड्यांत गाड्यांची दुरुस्ती, पासिंग, टायर, तंबूची शिलाई समोर येते. दोन्ही खर्च एकाच कर्जातून होतात आणि एकाच सुपारीतून फिटतात. गाडीचा खर्च वाढला की तो अखेर माणसांच्याच वाट्यातून जातो. पावसाळ्यात वाचवलेला टायर दसऱ्याला कोणाच्या तरी उचलीत उतरतो.

दुसरा आक्षेप असा की हे सरकारचं काम आहे. फडांसाठी राज्याची अनुदान योजना आहे, ती वेळेवर मिळावी असा आग्रह धरूच. पण अनुदानाची वाट पाहत तंबू कुजत ठेवणं शहाणपणाचं नाही, आणि हे काम आपल्या आवाक्यातलं आहे.

ते कसं करायचं, तेही सांगतो. परदेशात नोंदलेलं मंडळ आणि परदेशी नागरिकत्व घेतलेले सभासद भारतीय कायद्याने परदेशी स्रोत ठरतात. 2010 च्या विदेशी योगदान कायद्याप्रमाणे आपला निधी घेणाऱ्या तिथल्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पैसा पुढे दुसऱ्याकडे वळवू शकत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेल्या पैशाला ही अट नाही. मंडळाच्या निधीला मात्र ती आहे, म्हणून रोख वाटपाऐवजी सेवा द्यावी. नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेने नारायणगाव किंवा मंचर परिसरात छपराची जागा भाड्याने घ्यावी, मेकॅनिकला पगार द्यावा, घोड्या, ताडपत्र्या, फळ्या आणि चार्जर ठेवावेत, आणि जो फड येईल त्याची गाडी तिथे सांभाळावी. काय लागतं ते आधी फडमालकांना विचारावं. त्यांच्या अनुभवापुढे आपली इंजिनिअरिंगची पदवी दुय्यम आहे. पैसे अक्षय्य तृतीयेपर्यंत पोचले पाहिजेत. आषाढात पोचलेली मदत भिजलेल्या तंबूच्या उपयोगाची नसते.

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे: सांस्कृतिक निधीतला निम्मा भाग पुढची तीन वर्षं या कामासाठी राखून ठेवावा. त्यासाठी एखादा पाहुण्या कलाकारांचा कार्यक्रम कमी करावा लागेल. तो कमी करावा. इथल्या एका संध्याकाळच्या खर्चात तिथला फड दसऱ्याला कर्ज न वाढवता बाहेर पडू शकत असेल, तर तमाशावरचं आपलं प्रेम कुठे खर्च व्हायला हवं, याचं उत्तर सभासदांनी मतदानातून द्यावं.