गव्हांकुर : शब्द, तृण आणि दावा

गव्हाच्या कोवळ्या पातीचा रस ‘प्राचीन आयुर्वेदीय रसायन’ म्हणून विकला जातो. वैद्यवर्गाने हे बिरुद निमूटपणे मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संहितांनी गोधूमाचे मधुर, शीत, गुरू, स्निग्ध, बृंहण, संधानकर हे गुण सांगितले ते धान्याचे. ते तृणास परस्पर लावता येत नाहीत. आजचा प्रघात अमेरिकेतला आहे. १९३०च्या दशकात चार्ल्स श्नाबेल यांनी वाळलेल्या पातीचे चूर्ण आणि पुढे बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर यांनी रस लोकप्रिय केला.

‘गव्हांकुर’ हा शब्दही फसवा आहे. अंकुर दोन-तीन दिवसांचा असतो. रसासाठी कापतात ती सात ते दहा दिवसांची पात, घटातील गहू नवमीपर्यंत वाढतो तेवढी. सुश्रुतांनी विरूढ धान्य विदाही, विष्टंभी व दृष्टीस अहितकर मानले. तो दोष पातीसही लागू आहे काय, हा विचार या शब्दामुळे राहूनच जातो. शिरपूर जैनसारख्या तीर्थक्षेत्री, अंकुरित धान्य व कोवळी पालवी अनंतकाय म्हणून वर्ज्य मानणाऱ्या रुग्णास ही वस्तू नेमकी काय, हे आधी सांगणे वैद्याचे कर्तव्य ठरते. हिंदी वेष्टनावरील ‘ज्वारा’ हा शब्द तर आपल्या ज्वारीच्या मुलखात धोक्याचाच. कोणी ज्वारी पेरून तिची पात वाटली तर? कोवळ्या ज्वारीपासून सायनाइडची विषबाधा होते. म्हणूनच शेतकरी तीत जनावरे सोडत नाही.

‘हरित रक्त’ हा दावा त्याहून गंभीर. हरितद्रव्य व हिमोग्लोबिन यांच्या रचनेत साम्य आहे. परंतु एकाच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम, दुसऱ्याच्या लोह. प्राशनाने एकाचे दुसरे होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगड येथील प्राथमिक अभ्यासात थॅलेसेमियाच्या १६ रुग्णांपैकी ८ जणांची रक्ताची गरज चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढील अभ्यासात तसा लाभ दिसला नाही. एवढ्या आधारावर बालकाचे रक्तसंक्रमण लांबवणे किंवा पांडुरोग्याचे लोह थांबवणे हा अक्षम्य प्रमाद होय.

पात त्याज्य नव्हे. बुरशीविरहित, ताजी, अग्निबल पाहून अल्प मात्रेत, आहार म्हणून ती अवश्य सुचवावी. औषधी विक्रेत्यांनी मात्र ‘गव्हाची कोवळी पात’ असे स्वच्छ मराठीत लिहावे आणि रोगनाशाची भाषा फलकावरून उतरवावी. आयुर्वेदाचे नाव कशास द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार आपण बाजाराच्या हाती सोपवू नये.